५वाय३ गेला, आता त्याच्या जागी काय बसवू?

मुलुंडहून एकांनी विचारलंय. वडिलांनी १९६०च्या दशकात स्वतः बांधलेला ॲम्प आहे, पुशपुलमध्ये (म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या जोडीत) दोन ६व्ही६ हे आउटपुट व्हॉल्व, रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व, ५वाय३जीटी, आणि तो रेक्टिफायर गेला. लॅमिंग्टन रोडला तीन दुकानांत विचारलं तर तीन सल्ले मिळाले. एक म्हणाला जीझेड३४ लावा, त्याच्यापेक्षा भारी व्हॉल्व आहे. दुसरा म्हणाला ५यू४ लावा, पिना त्याच. तिसरा म्हणाला व्हॉल्व कशाला, दोन डायोड मारा, परत बघायला नको. ट्रान्सफॉर्मरवर ३००-०-३०० लिहिलंय (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना ३०० व्होल्ट), वडिलांच्या वहीत सर्किट आहे आणि त्यात एचटीपुढे, म्हणजे व्हॉल्वना लागणाऱ्या मोठ्या डीसी व्होल्टेजपुढे, ३०५ व्होल्ट लिहून ठेवलंय.

पहिलं सांगतो, ती वही सांभाळा हो. माझ्याकडे दहा ॲम्प येतात त्यातल्या नऊ जणांना एचटी किती असायला हवं हेच माहीत नसतं, आणि रेक्टिफायर निवडायचा म्हणजे खरं तर तो एकच आकडा धरून ठेवायचा असतो. तिघांनी सांगितलेल्या तिन्ही वस्तू तुमच्या ॲम्पमध्ये बसतील, गाणंही लागेल, सहा महिन्यांनी लागेल का ते मात्र तिघांपैकी कोणी सांगितलं नाही.

५यू४ आधी बाजूला काढू, कारण तो सोपा आहे. ५वाय३चा हीटर ५ व्होल्टला २ अँपिअर घेतो, ५यू४चा ३ अँपिअर. म्हणजे १० वॉटचं वाइंडिंग आणि त्यावर १५ वॉटचं ओझं. पिना जुळतात, २ आणि ८ फिलामेंट, ४ आणि ६ प्लेट, म्हणून लोक बिनधास्त लावतात, आणि दोन तासांनी ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववत नाही. व्हॉल्व परत मिळतो, साठ वर्षांपूर्वीचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, मिळतो तो रिवाइंड करून मिळतो आणि ते करणारी चांगली माणसं आता मुंबईत शोधावी लागतात. त्यामुळे कुठलाही रेक्टिफायर बदलताना हीटरचा अँपिअर पहिला बघायचा, नंबर नंतर.

जीझेड३४, म्हणजे अमेरिकन नंबर ५एआर४, त्याचा हीटर १.९ अँपिअरचा, तिथे काही अडचण नाही. करंट पण २५० मिलिअँप देतो, ५वाय३ फक्त १२५ देतो. म्हणून दुकानदार भारी म्हणाला, आणि त्या अर्थाने तो बरोबर आहे. पण हा व्हॉल्व स्वतःवर व्होल्टेज फार कमी खातो. ५वाय३ पूर्ण १२५ मिलिअँपला साधारण ६० व्होल्ट खातो, तुमच्या ॲम्पच्या ८०-८५ मिलिअँपला पंचेचाळीस-पन्नास धरा. तिथे जीझेड३४ जेमतेम दहा खाईल. म्हणजे वहीतले ३०५ जाऊन ३४०-३४५ होणार.

आता ६व्ही६चं काय होतं बघा. पुशपुलमध्ये २८५ व्होल्टला एकेका व्हॉल्वला ३५ मिलिअँप ही पुस्तकातली ठरलेली सेटिंग आहे, गुणाकार करा, १० वॉट येतात. जुन्या डेटाशीटप्रमाणे ६व्ही६जीटीच्या प्लेटची मर्यादा १२ वॉट आणि ३१५ व्होल्ट. ४० व्होल्ट वाढले की प्लेटला ३२५ येतात, कॅथोड रेझिस्टर (व्हॉल्वचा करंट ठरवणारा) तोच असल्यामुळे करंटही वाढून ४०च्या आसपास जातो, ३२५ गुणिले ४० मिलिअँप म्हणजे १३ वॉट. अंधारात बघितलं तर प्लेटवर मंद लाल डाग दिसायला लागतो. रेक्टिफायर मस्त थंड डोक्याने बसलेला असतो आणि मरतात ते पुढचे दोन.

बरं, जीझेड३४ लावताच येत नाही असं नाही. पहिल्या कंडेन्सरनंतर ४७० ओहमचा, १० वॉटचा वायरवूंड रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला की ते चाळीस व्होल्ट तिथे पडतात आणि पुढे सगळं वहीप्रमाणे. घरात जीझेड३४ पडलेला असेल तर मी हेच करीन. पण मुद्दाम महाग व्हॉल्व विकत आणायचा आणि त्याने वाचवलेले व्होल्ट रेझिस्टरमध्ये जाळायचे, हा उद्योग मला पटत नाही.

तो लावणारच असाल तर आणखी एक जागा तपासा जी कोणी तपासत नाही. ५वाय३मध्ये वेगळा कॅथोड नसतो, फिलामेंटच कॅथोड, त्यामुळे एचटी २ नंबरवरून घ्या की ८ वरून, फरक पडत नाही. जीझेड३४मध्ये कॅथोड आतून ८ नंबरला जोडलेला असतो. तुमच्या वडिलांनी एचटीची वायर २ नंबरवर सोडलेली असेल तर ती उचलून ८ वर टाका. शिवाय घरी बांधलेल्या ॲम्पमध्ये बेसच्या (व्हॉल्व ज्यात बसतो त्या सॉकेटच्या) रिकाम्या पिनांवर बाकीचे रेझिस्टर टांगायची पद्धत असते, ते पण बघून घ्या, कारण आपल्याला रिकामी वाटणारी पिन प्रत्येक व्हॉल्वमध्ये आतून रिकामी असेलच असं नाही.

आता डायोड. १एन४००७ दोन रुपयांत मिळतो, हीटर लागत नाही, गरम होत नाही, मी डायोडच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या स्वतःच्या एका ॲम्पमध्ये आहेत. पण तो ॲम्प डायोड धरून बांधलाय. तुमच्याकडे ३०० व्होल्टची सेकंडरी, तिचा पीक, म्हणजे लाटेचं टोक, ४२४. आपल्याकडे लाइन २३० लिहिलेली असली तरी रात्री बोर्डवर मीटर लावा, २४० च्या वर दिसणं नवीन नाही. २४२ धरले तर पीक ४४६. स्विच टाकल्याबरोबर डायोड क्षणात चालू होतो, ६व्ही६ मात्र अजून थंड, करंट घ्यायला कोणी नाही, म्हणजे ते सगळे ४४६ व्होल्ट थेट पहिल्या कंडेन्सरवर, आणि त्याच्यावर लिहिलेलं असतं ४५० व्होल्ट, तेही साठ वर्षांपूर्वी. तो फुटला की काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, चॅसीच्या आत कागदाचे आणि फॉइलचे तुकडे आणि वास चार दिवस जात नाही. उलटा व्होल्टेज पण बघा, सेंटर टॅपच्या सर्किटमध्ये डायोडवर पीकच्या दुप्पट येतो, ८९२, आणि १एन४००७ हजाराचा. लाइनवर एक झटका आला की संपलं. लावायचेच तर एकेका बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये लावायचे. आणि हे सगळं करून ॲम्प गरम झाल्यावर एचटी जीझेड३४पेक्षाही वर, म्हणजे वरचा ६व्ही६चा हिशोब आणखी बिघडला.

मग काय लावू? ५वाय३जीटीच लावा. सरळ उत्तर आहे. तो काही दुर्मिळ व्हॉल्व नाही, अमेरिकेत रेडिओ आणि गिटार ॲम्पसाठी प्रचंड प्रमाणात निघाला, जुना न वापरलेला माल आजही मिळतो आणि जीझेड३४च्या मानाने स्वस्त मिळतो. दुसरा पर्याय रशियन ५त्स४एस, आपल्याकडे ५सी४एस म्हणून विकतात. हीटर २ अँपिअर, करंट १२५ मिलिअँप, पिना जुळतात, तब्येतीने दणकट. फक्त हा वेगळ्या कॅथोडचा आहे आणि ५वाय३पेक्षा कमी व्होल्ट खातो, म्हणून एचटी पंधरा-वीसने वर जाईल, त्याला २२० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर टाकला की झालं. आणि लक्षात ठेवा, वरून ५वाय३ छापलेला पण आतून ५त्स४एस असलेला माल पण बाजारात फिरतो. खोटा म्हणून वाईट नाही, पण मीटर वीस व्होल्ट जास्त दाखवायला लागला की घाबरून ट्रान्सफॉर्मरला दोष देऊ नका.

पण थांबा, विकत आणायच्या आधी जुना का गेला ते बघितलंत का? वयाने गेला असेल, जातो. पण माझ्या अनुभवात रेक्टिफायर बऱ्याचदा दुसऱ्याच्या पापाने जातो.

दादरचे एक गृहस्थ होते, जवळपास तुमच्यासारखाच ॲम्प, वर्षात तीन ५वाय३ जाळून माझ्याकडे आले. तिसरा त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता, आत फिलामेंटचा तुकडा खुळखुळत होता. चॅसी उलटी केली तर पहिला कंडेन्सर नवा कोरा निळा, १०० एमएफडी (मायक्रोफॅरड). कधीतरी हमची (स्पीकरमधल्या घुमणाऱ्या आवाजाची) तक्रार केली म्हणून कोणीतरी मिस्त्रीने जुना १६ चा काढून १०० चा लावला होता, हम गेला, पैसे घेतले, संपलं. आता ५वाय३ला हा कंडेन्सर कसा दिसतो बघा. रेक्टिफायर सतत करंट देत नाही, लाइनच्या प्रत्येक लाटेच्या फक्त टोकाला देतो, थोडक्या वेळात कंडेन्सर भरून काढतो. कंडेन्सर जेवढा मोठा तेवढा तो वेळ आखूड आणि झटका उंच. तुमच्या मीटरवर ८५ मिलिअँप दिसत असतील पण व्हॉल्वच्या आत दर लाटेला त्याच्या कितीतरी पट करंट जात असतो, आणि ५वाय३च्या एका प्लेटची पीक मर्यादा ४०० मिलिअँपच्या आसपास आहे. १६ च्या जागी १०० लावल्यावर, त्यातही चालू करतानाच्या पहिल्या झटक्यात, ती कधीच ओलांडते. त्या गृहस्थांना मी पहिला परत १६ चा लावला आणि १०० चा काढून चोकच्या (एचटी गुळगुळीत करणाऱ्या कॉइलच्या) पलीकडे टाकला. हम तितकाच कमी राहिला, आणि चौथा ५वाय३ मी शेवटचं ऐकलं तेव्हा चालू होता.

तर तुमच्या ॲम्पमध्ये पहिला कंडेन्सर किती एमएफडीचा आहे ते वाचून वहीशी ताडून बघा. ५वाय३ला २०-३० च्या वर जाऊ नका. जीझेड३४ ६० पर्यंत सहन करतो, ५यू४जीबी ४० पर्यंत. आणि तो साठ वर्षांचा मूळ कंडेन्सर असेल तर तो बदलाच, लीक व्हायला लागलेला कंडेन्सर म्हणजे रेक्टिफायरच्या गळ्यात कायमची धोंड. ४५० व्होल्टचा २२ एमएफडी लॅमिंग्टन रोडला आरामात मिळतो, जुन्या डब्याच्या आत बसवून दिला तर वरून कळत पण नाही.

दुसरी केस वेगळी होती, ती मुंबईतच व्हायची. गिरगावातल्या एका मंडळाचा जुना पब्लिक ॲड्रेसचा ॲम्प, गणपतीला आठ दिवस राहिलेले, चालू केला की आत चट्‌ आवाज आणि फ्यूज गेला. पोरांनी तीन ५यू४ बदलून बघितले होते. मी तिन्ही टेस्ट केले, तिन्ही ठणठणीत. मग बेस उलटा करून भिंगातून बघितला, बेकलाइटवर ४ आणि ६ नंबरच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ. वर्षभर ॲम्प तळमजल्याच्या ओल्या खोलीत, पावसाळ्याची दमट हवा, समुद्राचं मीठ, वर धूळ, आणि त्या दोन पिनांमध्ये ४००-०-४०० च्या ट्रान्सफॉर्मरने अकराशे व्होल्टच्या वरचा पीक. त्या रेघेतूनच करंट उड्या मारत होता. ती रेघ घासून जात नाही, बेकलाइट आतपर्यंत कोळसा झालेलं असतं. सिरॅमिकचा बेस बसवला, वीस मिनिटांचं काम. तुम्ही पण बेस बघा, पिनांची पकड सैल झाली असेल तर फिलामेंटच्या पिना आधी काळ्या पडतात, २ अँपिअर काही कमी नाही.

विकत घेताना. दुकानदाराने टेस्टर लावून हिरव्यात काटा दाखवला तर छान, पण बहुतेक टेस्टर रेक्टिफायरला खऱ्या व्होल्टेजवर तपासत नाहीत, म्हणून त्याने जास्त हुरळून जायचं नाही. तुम्ही स्वतः करण्यासारखं एवढंच, मीटरने २ आणि ८ मध्ये कंटिन्युइटी, थंड असताना एक ओहमच्या आत-बाहेर दाखवेल, ४ आणि ६ मधून कुठेच काही दाखवता कामा नये. काचेच्या आतला चंदेरी मुलामा चकचकीत किंवा तपकिरीकडे झुकलेला चालतो, दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, फुकट दिला तरी नको. हलक्या हाताने वाजवून बघा, आत काही खुळखुळायला नको. चोर बाजारात शुक्रवारी सकाळी गेलात तर रेडिओंच्या ढिगातून ५वाय३ निघतातही, पण तिथे रिटर्न नसतो, पाचात दोन चांगले निघतील या हिशोबानेच भाव करा.

आणि जुन्या मुलर्ड कंपनीच्या जीझेड३४च्या नावाखाली जे काय विकलं जातं त्यापासून जरा जपून. काचेवरची छपाई कोणीही करून देतं, बोटाने पुसता येते आणि नवी मारता पण येते. खऱ्या मालावर काचेच्या खालच्या बाजूला कोरल्यासारखा बारीक कोड असतो, एफ३१, एफ३२ असा, आणि त्याखालच्या ओळीत ब्लॅकबर्नच्या फॅक्टरीचं बी. तो कोड दिसत नसेल तर छपाईचे पैसे द्यायचे नाहीत.

रेक्टिफायर बदलून आवाज बदलतो का हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल, सगळे विचारतात. व्होल्टेज बदललं तर बदलणारच, पण ते व्होल्टेजमुळे. गिटारवाल्यांना जोरात वाजवताना एचटी थोडं दबलेलं आवडतं, ५वाय३ ते दाबतो, त्यांचं मी समजू शकतो. तुमच्या ॲम्पवर घरात बसून कुमारजी ऐकताना एचटी तेच ठेवून दोन वेगळ्या कंपन्यांचे ५वाय३ आळीपाळीने लावले तर मला तरी फरक कळलेला नाही, आणि माझे कान अजून बरे आहेत.

बसवायची पद्धत. सिरीज बोर्ड घ्या, म्हणजे ॲम्पचा करंट बल्बमधून जाईल असा बोर्ड, त्यात १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब, एलईडी नाही, एलईडीचा उपयोग शून्य. ६व्ही६ काढून फक्त नवा ५वाय३ लावून चालू करा. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटलेला राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. मग ६व्ही६ लावून परत तेच, दोन-चार मिनिटं, आणि मगच सरळ लाइनवर. ५वाय३ डायरेक्ट हीटेड, काही सेकंदांत एचटी आणून देतो, बाकीचे व्हॉल्व गरम व्हायच्या आधी मीटर एकदा वर जाऊन मग खाली येईल, ते बघून दचकू नका. स्थिर झालं की एचटी वाचा. ३०५ च्या आगेमागे दहा-पंधरा आला तर तुमचं काम झालं, लाइन त्या वेळी किती होती ते पण शेजारी लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. कॅथोड रेझिस्टरवरचा व्होल्टेज भागिले त्याचे ओहम, म्हणजे दोन्ही ६व्ही६चा मिळून करंट, तो पण वहीत जाऊ द्या.

हम आला तर कान देऊन ऐका. दोन्ही प्लेट चालत असतील तर हम १०० सायकलचा असतो, एक प्लेट मेली असेल तर ५० चा, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. तानपुरा ऐकलेल्या माणसाला हे मीटरशिवाय कळतं.

हात घालताना एक गोष्ट. त्या ५ व्होल्टच्या वाइंडिंगवर ५ व्होल्टच असतील असं समजू नका, दोन वायरींमध्ये ५, पण दोन्ही वायरी चॅसीपासून ३०० वर तरंगत असतात, एचटी तिथूनच निघतं ना. प्लग काढल्यावर सुद्धा १० के ५ वॉटचा रेझिस्टर क्लिप लावून कंडेन्सर रिकामा करायचा, मीटरने शून्य बघायचा, आणि तोपर्यंत एक हात खिशात.

जाता जाता, ज्यांच्याकडे मर्फी, बुश, फिलिप्सचे रेडिओ किंवा ईएल८४ या आउटपुट व्हॉल्वचे छोटे ॲम्प आहेत ते पण हेच विचारतात, ईझेड८० या रेक्टिफायरच्या जागी ईझेड८१ चालेल का. पिना एकच, पण ८० चा हीटर ०.६ अँपिअर आणि ८१ चा १ अँपिअर. रेडिओच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला ते जड जातं, म्हणून ८० लाच ८० लावा. उलटं तर नाहीच नाही, ८१ दीडशे मिलिअँपचा आणि ८० नव्वदचा, दोन ईएल८४ पुशपुल त्याला उन्हाळाभर पण टिकू देणार नाहीत. बंगळुरूच्या बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्सने) १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व बनवायला घेतले, त्यामुळे हे दोन आपल्याकडे जुन्या दुकानांच्या माळ्यावर अजून सापडतात, परदेशातून मागवायच्या आधी तिथे विचारा.

तुम्ही मुलुंडवाले, आधी पहिल्या कंडेन्सरचा एमएफडी आणि बेसचा जवळून काढलेला फोटो पाठवा, व्हॉल्वचे पैसे त्यानंतर मोजा.